हळू वाजवा, पुढे कडवं आहे

ग्रंज हे खरखरीत, गोंगाटी रॉक संगीत वाजवायला सोपं, असा एक समज आहे आणि बहुतेक हौशी बँड त्या समजाच्या भरवशावरच जमतात. चार कॉर्ड, गिटारचा आवाज फाटका करणारं एक डिस्टॉर्शन पेडल, सोलो बेताचा, आणि गायकाचे शब्द कळले नाहीत तरी कुणाची तक्रार नाही. मूळ गाण्यातही ते कुठे कळतात? आमचा बँडही असाच जमला. गिटारवाला दिवसभर लोकांचे हिशेब तपासतो, ड्रमर दातांचा डॉक्टर आहे, गायक शाळेत भूगोल शिकवतो आणि मी बेस वाजवते. 1991 मध्ये निर्वाना या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला तेव्हा त्यांचा गायक-गिटारिस्ट कर्ट कोबेन 24 वर्षांचा होता. आमच्यात 24 वर्षांचा म्हणावा असा फक्त गिटारवाल्याचा अ‍ॅम्प आहे.

समज अगदीच खोटा नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये 1980 च्या दशकाच्या शेवटी हे सगळं सुरू झालं तेच मुळी कमी पैशात आणि हाताला लागेल त्या सामानावर. मडहनी या बँडने 1988 च्या आपल्या ईपीचं (छोट्या अल्बमचं) नाव ठेवलं 'सुपरफझ बिगमफ'. ही चक्क त्यांच्या दोन फझ पेडलांची, म्हणजे तसल्याच आवाज फाडणाऱ्या पेडलांची, नावं. निर्वानाचा पहिला अल्बम 'ब्लीच' (1989) जॅक एन्डिनोने 606 डॉलर 17 सेंटमध्ये रेकॉर्ड करून दिला. ते पैसे भरले जेसन एव्हरमनने. त्याने त्या अल्बममध्ये एक सूरही वाजवलेला नाही, तरी गिटारिस्ट म्हणून त्याचं नाव आहे आणि कव्हरवर फोटोही आहे. हे वाचल्यापासून आम्ही गायकाच्या मेव्हण्याचं नाव प्रत्येक पोस्टरवर घालतो, कारण स्पीकर आणि मिक्सर त्याच्या मालकीचे आहेत. तो एका गाण्यात खंजिरी वाजवतो. त्याच्यासमोरचा माइक बंद असतो, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

अडचण कॉर्डमध्ये नाहीच. अडचण कडव्यात आहे. यातल्या कितीतरी गाण्यांचा साचा ठरलेला: कडवं हळू, धृपद कानठळ्या बसवणारं, की परत कडवं हळू. निर्वानाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मध्ये कडव्याला आणि धृपदाला तेच चार कॉर्ड आहेत आणि तेही त्याच क्रमाने: एफ, बी फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट. म्हणजे कागदावर पाहिलं तर गाणं जागचं हलतच नाही. हलतो तो आवाज. कडव्यात गिटार मागे सरकते, दोनच सुटे सूर टिपत राहते. बेस एका चालीने चाललेला असतो आणि आत्ता कुठला कॉर्ड आहे हे ऐकणाऱ्याला तोच सांगत असतो. मग गिटारवाल्याचा पाय पेडलवर पडतो आणि भिंत कोसळते. ही युक्तीसुद्धा उसनी. 1994 च्या जानेवारीत 'रोलिंग स्टोन'मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत कोबेनने सरळ कबूल केलं की तो पिक्सीज या बँडची नक्कल करायला गेला होता. तेव्हा आम्ही करतो ती नकलेची नक्कल, आणि त्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की तीही आम्हाला निम्मीच जमायची. धृपद जमायचं.

धृपद सगळ्यांना जमतं. चार माणसांनी जीव खाऊन वाजवलं की चुका आपोआप एकमेकींच्या मागे लपतात. कडव्यात लपायला जागा नसते.

प्रॅक्टिसला काय होतं ते सांगते. गिटारवाल्याचा अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि तो त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा असतो. त्यामुळे अ‍ॅम्पचा आवाज त्याच्या गुडघ्यांना स्वच्छ ऐकू येतो, कानांना नाही. तो आवाज वाढवतो. आता ड्रमरला गिटारशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून तो स्नेअर हा ड्रम जोरात हाणतो. त्यात माझा बेस बुडतो, मी नॉब फिरवते. गायक दोन ओळी गाऊन पाहतो, माइक वाढवतो, मॉनिटर, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर, किंचाळतो आणि सगळे थांबतात. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून म्हणतो, "अरे, तू जरा कमी कर ना." कमी कुणीच करत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःचा आवाज आधीच कमी वाटत असतो. शेवटी मी अ‍ॅम्प उचलून खुर्चीवर ठेवला, तोंड थेट त्याच्या कानाकडे. गिटारवाल्याने पहिली तार छेडली आणि दचकून मागे सरला. आवाज त्या दिवशी निम्म्यावर आला. इतका साधा इलाज, पण तो करायला कुणी तरी वाद्य खाली ठेवावं लागतं आणि बँडमधल्या माणसाला तेच सगळ्यात जड जातं.

निम्म्यावर आला तेव्हा आम्हाला नवीन गोष्टी ऐकू यायला लागल्या. पहिली म्हणजे खर्रखर्र. स्नेअरच्या खालच्या कातड्याला तारांची एक पट्टी टेकलेली असते. मी ए फ्लॅट वाजवला की ड्रमरने हातही न लावता ती पट्टी माझ्या सुरावर थरथरायला लागायची. एफला नाही, बी फ्लॅटला नाही, नेमकी ए फ्लॅटला. इतके महिने हे चालूच असणार, गोंगाटात कळलं नव्हतं एवढंच. ड्रमर खाली वाकला, दाताला कीड कुठे आहे ते बघावं तसा त्या पट्टीकडे बघत राहिला, एक स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि म्हणाला, "परत वाजव." खर्रखर्र गेली नाही, पण बी फ्लॅटवर सरकली. तिथे ती बेसच्या पुढच्या सुरात लवकर विरते, म्हणून आम्ही ती तिथेच राहू दिली.

दुसरी गोष्ट माझ्या वाट्याची. आवाज लहान झाला की माणसाच्या कानाला खालचे सूर वरच्यांपेक्षा जास्त लहान झालेले वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून ठेवलं आहे. म्हणजे कडव्यात सगळ्यांनी सारखं हळू वाजवलं तर बेस सारखा हळू होत नाही, तो नाहीसाच होतो. मी तेव्हा हात हलका करायचा, पण इतरांइतका नाही. किती, हे आकड्यात सांगता येत नाही. बोटाचं मांस तारेवर जरा जास्त ठेवायचं, नख लागू द्यायचं नाही आणि तार पुलाजवळ न छेडता गळ्याकडे छेडायची. आवाज गोल होतो आणि पुढे न येता खोलीभर पसरतो. ग्रंजमध्ये बेस वाजवणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, असं म्हणतात. कडव्यात मला ते फार सोयीचं वाटतं.

हळू म्हणजे सावकाश नव्हे, हे मात्र ड्रमरच्या मनगटाला पटवायला वेळ लागला. हात हलका केला की लय ढिली पडायची, धृपद आलं की ती सुसाट सुटायची. ठोके देणारा मेट्रोनोम कानात घालून तो घरी नुसतं कडवं वाजवत बसायचा. कंटाळवाणं काम, पण दातांच्या डॉक्टरला चिकाटी असते.

बाकीच्या कटकटी तुलनेने सोप्या. ट्यूनिंगची एक. ग्रंज बँडांपैकी अ‍ॅलिस इन चेन्सची बहुतेक गाणी अर्धा सूर उतरवून वाजवायची, साउंडगार्डनच्या कित्येक गाण्यांना सगळ्यात जाड तार डीपर्यंत सैल करायची आणि सैल तार जोरात झोडपली की ती लगेच बेसूर होते. त्यामुळे आमची सेटलिस्ट भावनेने ठरत नाही, ट्यूनिंगने ठरते: आधी साधी गाणी, मग अर्धा सूर खालची, मग सैल तारेची. मृत्यूनंतर लगेच प्रेम, त्यानंतर परत मृत्यू, असा क्रम लागला तरी इलाज नाही. गायकाला अर्धा सूर उतरलेला केव्हाही बरा, कारण सोमवारी त्याला तोच घसा घेऊन वर्गाला मोसमी वारे समजावून सांगायचे असतात.

साउंडगार्डनच्या 'स्पूनमॅन'ची मुख्य रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची चाल, सात मात्रांची आहे. ते गाणं घ्यायचं ठरलं तेव्हा गिटारवाल्याने बोटांवर मोजून मोजून सगळ्यांना दमवलं. ड्रमर लहानपणी तबला शिकलेला. त्याने मांडीवर रूपकाचा ठेका धरला, ती ती ना धी ना धी ना, आणि भांडण मिटलं. लोकांचं मात्र मिटत नाही. ते दोन-दोन मात्रांवर मान हलवतात, सातची एक फेरी झाली की मान उलट्या मात्रेवर जाते, पुढच्या फेरीत परत सुलट. स्टेजवरून बघायला मजा येते. त्या गाण्याआधी आमचा गायक न चुकता सांगतो की साउंडगार्डनचा गिटारिस्ट किम थायिल याचे आईवडील केरळचे. भूगोलाचा शिक्षक आहे, त्याला राहवत नाही.

ग्रंजवाल्यांची ओळख असलेल्या फ्लॅनेलच्या शर्टांबद्दल एवढंच: सिअ‍ॅटलच्या ओल्या थंडीत ते शहाणपणाचे होते, स्टेजच्या दिव्यांखाली नाहीत. आम्ही ते सोडून दिले.

कडव्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटायला लागला तो निर्वानाच्या 'अनप्लग्ड' या हळू आवाजातल्या कार्यक्रमामुळे. 18 नोव्हेंबर 1993 ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झालेल्या त्या कार्यक्रमातल्या 14 गाण्यांपैकी 6 त्यांची स्वतःची नव्हतीच. एक डेव्हिड बोवीचं, तीन मीट पपेट्सची, एक व्हॅसलीन्सने गायलेलं आणि एक लेड बेलीमुळे लोकांपर्यंत पोचलेलं जुनं लोकगीत. म्हणजे त्या रात्री ते जवळजवळ आमच्यासारखाच दुसऱ्यांची गाणी वाजवणारा कव्हर बँड होते, असं आमचा गायक म्हणतो. त्या 'जवळजवळ'वर फारच भार पडतो, पण असो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. निर्वानाचा ड्रमर डेव्ह ग्रोल इतका जोरात ड्रम वाजवायचा की या कार्यक्रमात त्याचं करायचं काय, हा प्रश्नच होता. शेवटी निर्मात्याने त्याच्यासाठी ब्रश आणि हलक्या स्टिक आणल्या आणि कागदात गुंडाळून त्याला भेट म्हणून दिल्या. एवढ्या मोठ्या ड्रमरलाही "जरा हळू" हे तोंडावर सांगणं कठीण होतं, हे ऐकून मला फार धीर आला. आम्हीही वर्गणी काढली आणि ब्रश आणले. गुंडाळले मात्र नाहीत.

परवाच्या कार्यक्रमात कडवं पहिल्यांदा खरोखर हळू झालं. इतकं की पहिल्या रांगेतल्या एक बाई फोनवर बोलत होत्या ते मला स्टेजवर शब्द न् शब्द ऐकू आलं. त्यांच्याकडे प्लंबर आलेला नव्हता. एरवी मी चिडले असते. त्या दिवशी मी ते कडवं खुशीत वाजवलं. मग धृपद आलं आणि त्या बाईंचा फोन बंद झाला.

आता गिटारवाल्याची तक्रार आहे की ब्रश ऐकूच येत नाहीत, मग कडव्यात त्याने लय धरायची कशावर?

"बेसवर धर," ड्रमर म्हणाला.

गिटारवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजच बँडमध्ये आले आहे. मग म्हणाला, "तर मग तू थोडा वाढव ना." मी नॉब जेमतेम हलवला असेल नसेल, तोवर ड्रमरने ब्रश खाली ठेवून स्टिक उचलल्या होत्या.