पावसातलं लाइव्ह

आज दिवसभर मुंबईत पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता आणि मिलन सबवेवरून टीव्हीचं लाइव्ह चालू होतं. अँकरने प्रश्न विचारला की रिपोर्टर दोन-तीन सेकंद नुसता बघत उभा राहतो. तो गोंधळलेला नसतो हो! पाठीवरच्या लाइव्ह किटमध्ये चार-सहा सिमकार्डं असतात. चित्राचे तुकडे वेगवेगळ्या नेटवर्कवरून जातात, स्टुडिओत पुन्हा जोडले जातात, त्यात तेवढा वेळ जातो. गर्दीतले सगळे फोन एकाच टॉवरवर आले की चित्र गोठतं. मग जागा बदलायची, नाहीतर फोनो, म्हणजे फोनवरून नुसता आवाज, द्यायचा. सॅटेलाइटवरून चित्र पाठवणाऱ्या ओबी व्हॅनचंही मुसळधार पावसात तेच, तिचा केयू बँडचा (उच्च फ्रिक्वेन्सीचा) सिग्नल पाऊस शोषून घेतो.

सगळ्यात वाईट म्हणजे इअरपीसमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येणं. जीभच अडखळते. स्टुडिओतून रिपोर्टरच्या कानात येणाऱ्या परतीच्या ऑडिओतून त्याचाच आवाज पीसीआरने, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूमने, वगळायचा असतो, घाईत नेमकं तेच राहतं.

आणि न्यूज डेस्कला कळकळीची विनंती, गुडघाभर पाण्यातला पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघून बोलणं) मागू नका. गढूळ पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये याच मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा जीव तसाच गेला. दुकानाच्या कोरड्या पायरीवरूनही पाणी दिसतंच.