आधी गाडी कुठंय ते सांगा

‘‘ताई, माणूस आयसीयूत पडलाय आणि तुम्ही गाडी कुठंय ते विचारताय?’’

परवा कळव्याच्या एका काकांनी हे जरा चिडूनच विचारलं. त्यांच्या जावयाच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरचा ब्रेक उतारावर लागलाच नव्हता. ठाण्यात ग्राहकांच्या तक्रारी लिहून द्यायला मी मदत करते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर आधी काय करायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

माझ्या भावाची मोटरसायकल घोडबंदर रोडवर पुढच्या फोर्कपाशी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांपाशी तुटली. गाडी घेऊन जेमतेम सात महिने झाले होते. मांडीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली. पंचनाम्यानंतर पोलिसांनी गाडी सोडली आणि ती आमच्या जिन्याखाली येऊन पडली. आईला भाजीला जाता-येता ती दिसायची. महिनाभर तिनं सोसलं, मग भंगारवाल्याला बोलावलं. फाटकापर्यंत ढकलायला मीच हात लावला.

पुढे कंपनीला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं : खड्ड्यात आदळली असेल, गाडी तपासणीला पाठवा. पाठवणार काय? लोखंड कुठून, कसं तुटलं हे तुटलेल्या जागेवरून जाणकाराला वाचता येतं. नेमकी तीच जागा आम्ही वितळायला धाडली होती. आजही विषय निघाला की आई उठून आत जाते. चूक तिची नव्हती. तेव्हा आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, इतकंच.

कायदा आपल्या बाजूनं आहे, बराच आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई मागण्यासाठी त्यात वेगळं प्रकरणच आहे. वस्तू बनवताना राहिलेला दोष, मुळात रचनेतला दोष, धोक्याची सूचना पुरेशी न देणं, सगळं त्यात येतं. अशा तक्रारी ऐकणारा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. पण त्यासाठी वस्तू शिल्लक हवी ना! क्रेटा गाडीची एअरबॅग अपघातात उघडली नाही, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ग्राहकानं वेग आणि आघाताची गणितं मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही, असं न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. मला हा निकाल फार जवळचा वाटतो.

शरीरात बसवलेल्या वस्तूंचं तर आणखी अवघड. जॉन्सन अँड जॉन्सनचा एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो चार हजारांहून जास्त रुग्णांना बसवला होता आणि नंतर शोधायला गेल्यावर बहुतेकांचा पत्ताच लागेना. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं भरपाईचं सूत्र ठरवलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. पण आपल्याला नेमका कुठला सांधा बसवलाय हे ठाऊक असेल तरच माणूस मागायला जाणार. इम्प्लांटच्या खोक्यावर लॉट नंबरचे स्टिकर असतात, ते केसपेपरवर चिकटवतात. त्या पानाची प्रत मागा. रुग्णाची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असा डॉक्टरांसाठी नियमच आहे. आणि इम्प्लांट काढायची वेळ आली, तर तो जपून ठेवा असं ऑपरेशनच्या आधी लेखी द्या, नाहीतर तो कचऱ्यात जातो.

मोरी साफ करायच्या ॲसिडनं भाजलं तर बाटली धुऊ नका, फेकू नका. बॅच नंबर त्याच लेबलवर असतो. डॉक्टरांनाही ती दाखवावीच लागते.

पैशाची भीती बहुतेकांना असते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आयोगात तक्रार करायची मुदत मात्र दोन वर्षं. रस्ता अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा असेल तर सहाच महिने, हे लोक हमखास विसरतात.

काकांच्या जावयाची स्कूटर सर्व्हिस सेंटरला उचलून नेली होती, ‘दुरुस्त करून देतो’ म्हणून. मी म्हटलं, काका, रागवा माझ्यावर, पण आजच्या आज तिथं जा. ब्रेक खोलू नका असं लेखी द्या, पोच घ्या, गाडी घरी आणा. ते गेले. रात्री साडेनऊला त्यांचा फोटो आला. जिन्याखाली स्कूटर, वर जुनी सोलापुरी चादर, चाकाला साखळी. खाली लिहिलं होतं, ‘‘हात लावू दिला नाही कुणाला. सोमवारी येतो.’’