लाइट स्टँडची डागडुजी, नोंद 3: कॉलर, रिव्हेट आणि वाऱ्याचं गणित

फोटोग्राफीच्या लाइटसाठीच्या चार स्टँडपैकी तीन पुन्हा कामाला लागले. चौथा सुट्या भागांसाठी बाजूला काढला. सगळे ॲल्युमिनियमचे, तीन भागांचे, 22-19-16 मिमी पाइपचे, पूर्ण उंची 2.1 मीटर. बाजारात सर्वाधिक दिसतो तोच प्रकार.

खोलून पाहिल्यावर पुन्हा तेच दिसलं: एक सोडून पाइप शाबूत आणि सांधे गेलेले. स्टँड निवडताना लोक पाइपची जाडी बघतात, पण खरं आयुष्य ठरतं ते कॉलर (पाइपभोवतीचं कडं) आणि रिव्हेटवर.

आधी रिव्हेट. एका स्टँडला नऊ सांधे असतात: तीन पाय वरच्या कॉलरला, तीन आडव्या पट्ट्या खालच्या कॉलरला आणि त्याच पट्ट्यांची दुसरी टोकं पायांना. कारखान्यातून पोकळ रिव्हेट येतात. त्या जराशा सैल झाल्या की प्रत्येक उघडझापीला भोक घासतं आणि लंबगोल होतं. मग वरचा लाइट झुलायला लागतो आणि दोष मात्र पाइपला दिला जातो. 1 आणि 2 नंबरच्या स्टँडची सगळी अठरा भोकं 5 मिमीपर्यंत मोठी करून गोल केली. पद्धत अशी: रिव्हेटच्या डोक्यावर पंचाने खूण, 3 मिमी बिटने मध्य धरायचा, मग मोठ्या बिटने फक्त डोकं उडवायचं आणि उरलेला भाग पंचाने ठोकून बाहेर काढायचा. सरळ आरपार ड्रिल मारलं तर रिव्हेट बिटबरोबर फिरते आणि भोक आणखी बिघडतं.

जागी एम5 बोल्ट, दोन्ही बाजूंना नायलॉन वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा). बोल्ट पूर्ण आट्यांचा घेऊ नका. भोकात येणारा भाग गुळगुळीत हवा, नाहीतर आटे कानशीसारखे ॲल्युमिनियम खातात. पाय जड वाटेपर्यंत नट आवळायचा आणि मग पाव फेरा मागे. साधा नट महिन्याभरात सुटतो.

2 नंबरची मधली कॉलर खाचेपाशी तडकली होती. कारण नेहमीचंच: वरचा भाग घसरतो म्हणून नॉब पक्कडीने आवळलेला. एबीएस प्लॅस्टिकच्या कॉलरवर हा ताण बाहेरच्या दिशेने येतो, त्यामुळे फेविक्विकचा जोड टिकत नाही. स्क्रू काढून चौथ्या स्टँडची कॉलर बसवली. सुटा भाग नसेल तर बागेच्या पाइपला लावतात ती होज क्लिप तात्पुरती चालते, पण ती खाचेच्या खाली, अखंड भागावर लावावी. खाचेवर लावली तर कॉलर कायमची मिटते.

मुळात भाग घसरत का होता? पाइपवर तेलकट थर होता, कुणीतरी स्प्रे मारलेला. कॉलर घर्षणावरच धरते, तिथे तेल म्हणजे ब्रेकला तेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसलं आणि नॉब बोटांच्या जोरावर धरू लागला. थिनर वापरू नका, एबीएस विरघळतं. एअर कुशनच्या स्टँडमध्ये (आत कोंडलेल्या हवेमुळे वरचा भाग हळू खाली येतो तो प्रकार) पाइपला ग्रीस लावायची एकच जागा आहे: आतल्या पाइपच्या बुडाशी असलेल्या सीलवर, नखभर सिलिकॉन ग्रीस. ते सील बाहेरच्या पाइपच्या आतून सरकतं, कॉलरच्या पकडीत येत नाही.

3 नंबरला नॉबचा एम6 नट प्लॅस्टिकच्या खोबणीत गरगर फिरत होता. बोल्टला मेणबत्तीचं मेण फासून नट इपॉक्सीत बसवला, 24 तास हात लावला नाही. मेण विसरलात तर बोल्टही कायमचा चिकटतो.

चौथ्याचा 22 मिमी पाइप पायांच्या कॉलरच्या वर चेपून वाकलेला. असा पाइप सरळ दिसतो, सरळ राहत नाही. भार आला की तिथेच मुडपतो. भंगार.

उंचीबद्दल: भिंतीची जाडी 1 मिमी धरली तर 22 मिमी पाइप 16 मिमीपेक्षा सुमारे 2.7 पट ताठ असतो. म्हणून पूर्ण उंची नको असेल तेव्हा सगळ्यात बारीक भाग आतच ठेवायचा.

आता वारा. खोक्यावर छापलेली क्षमता सरळ खाली येणाऱ्या वजनाची असते, ढकलणाऱ्या वाऱ्याची नाही. 90 सेंमीचा ऑक्टाबॉक्स (प्रकाश मऊ करणारी, लाइटवर लावायची अष्टकोनी कापडी पेटी) साधारण 0.6 चौरस मीटर अडवतो. ताशी 18 किमीच्या वाऱ्यात त्यावर सुमारे 11 न्यूटन जोर येतो, 2 मीटर उंचीवर म्हणजे 22 न्यूटन-मीटर. पायांची टोकं मध्यापासून 50 सेंमी असली तरी दोन पायांच्या मधल्या बाजूला स्टँड पडतो तेव्हा आधार फक्त 25 सेंमीचा. स्टँड दीड किलो आणि लाइट अडीच किलो मिळून रोखणार 9.8 न्यूटन-मीटर. फक्त बरोबरी साधायलाच मध्यभागी 5 किलो वाळू लागते, झुळकांसाठी निदान दुप्पट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तेव्हा पिशव्या मोजत बसू नका, ऑक्टाबॉक्स उतरवा. आडव्या पट्ट्या जमिनीला समांतर ठेवा. पाय त्याहून फाकवले तर मधला पाइप जमिनीला टेकतो आणि स्टँड त्यावर डुलतो.

कोकणात समुद्राकाठी वापरलेला स्टँड (3 नंबर तसाच होता) पोखरला जातो तो स्टीलच्या स्क्रूभोवती, पांढरी भुकटी धरून. पायांच्या रबरी टोप्या काढा, आत पाणी साठलेलं सापडेल. गोड्या पाण्याने धुऊन, टोप्या न लावता उलटा वाळवा.

बाकी काम: 3 नंबरचे नऊ बोल्ट, स्टेनलेसचे घ्यावेत की झिंकचे हे ठरायचंय. स्टेनलेस ॲल्युमिनियमला जास्त खातं, झिंकचा थर पावसाळ्यात जातो. सध्या कल स्टेनलेसकडे, कारण नायलॉन वॉशर मधे आहेतच, आणि भोकात थोडं ग्रीस भरता येईल.