ग्वांगझूची ती लाल जर्सी

एप्रिल २०२५ ला चीनमधल्या ग्वांगझूला कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला गेलेलो, मशीनच्या कामासाठी. फेअर म्हणजे दिवसभर नुसती पायपीट, पण मी कोल्हापूरचा, शिवाजी-पाटाकडील या आमच्या क्लबांची फुटबॉल मॅच बघत वाढलेला, त्यामुळे ग्वांगझूत जाऊन तिआनहे स्टेडियम न बघता परत येणं मला जमणारच नव्हतं. फेअर भरतं त्या पाझोउहून ८ नंबरची मेट्रो, केत्सुनला बदलून ३ नंबर, की आलंच.

१९८७ चं स्टेडियम आहे हे, आधी तिथं विमानतळ होता. महिलांच्या पहिल्या वर्ल्डकपची फायनल १९९१ ला इथंच झाली. पण माझ्या डोक्यात होती ती ग्वांगझूची टीम, एव्हरग्रांडे! २०१० मधे मॅच फिक्सिंगमुळं खालच्या लीगमधे ढकललेला क्लब एव्हरग्रांडे या बिल्डर कंपनीनं घेतला आणि २०११ ला वर आल्या आल्या डायरेक्ट चीनचा चॅम्पियन, तिथून २०१७ पर्यंत सलग ७ वेळा, २०१९ ला परत एकदा, म्हणजे ८ लीग. वर २०१३ आणि २०१५ ला आशियाची चॅम्पियन्स लीग. लिप्पी, स्कोलारी कोच, कोन्का, पाउलिन्यो, एल्केसन हे परदेशी प्लेयर, आणि कॅप्टन झेंग झी, २०१३ चा आशियातला बेस्ट प्लेयर. मी रात्री मोबाईलवर हायलाइट्स बघायचो तेव्हा.

बाहेर बाकावर एक आजोबा बसलेले, अंगात फिकी पडलेली लाल जर्सी. मी मोबाईलवर भाषांतर करून विचारलं, तर त्यांनी थेट फोटोच काढून दाखवला, ९ नोव्हेंबर २०१३, आशियाच्या चॅम्पियन्स लीगची, कोरियाच्या सोल क्लबविरुद्धची फायनल. सोलला २-२, इथं १-१, बरोबरी झाली म्हणून समोरच्याच्या मैदानावर केलेल्या जास्त गोलवर कप आला. एल्केसनच्या गोलला शेजारच्या अनोळखी माणसानं कसं उचललं ते हातानं करून दाखवत होते, तेवढ्यापुरते एकदम तरणे झाले बघा.

पुढचं सगळ्यांना माहितीय. कंपनी कर्जात बुडाली, १ लाख सीटचं कमळाच्या आकाराचं नवं स्टेडियम अर्धवट थांबलं, चांगले प्लेयर गेले, २०२२ ला टीम खालच्या लीगमधे आली आणि जानेवारी २०२५ ला लायसन्स मिळालं नाही म्हणून क्लबच बंद. गावातला दुसरा मोठा क्लब, युएशिउशानच्या जुन्या मैदानावर खेळणारा, तो तर २०२३ लाच संपला होता. इतक्या मोठ्या शहरात असं व्हावं याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण पैसा कंपनीचा होता पण आरडाओरडा करून घसा बसवणारी माणसं याच शहरातली होती ना.

आजोबांनी विचारलं, तुमच्याकडं क्लब आहेत का. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा व्हिडिओ लावला, खच्चून भरलेला. त्यांनी टाइप केलं, मालक कोण? मी 'पेठ' लिहिलं, मशीनला ते कळेना, मग लिहिलं, त्या भागात राहणारे लोक. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. अंधार पडेपर्यंत आम्ही तीन मॅचेस बघितल्या.