मादाम बोव्हारी वाचताना: क्रियापदं आणि हुंड्या

फ्रेंच कादंबरीकार ग्यूस्ताव फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’चं कथानक दोन ओळींत संपतं. खेड्यातल्या शार्ल बोव्हारी या डॉक्टरची बायको एमा कंटाळते, दोन प्रियकर करते, कर्जात बुडते आणि आर्सेनिक खाऊन मरते. एवढंच हाती घेऊन अभ्यासाला बसलात तर कादंबरी हातून निसटलीच म्हणून समजा. ती क्रियापदांत आणि हिशेबाच्या आकड्यांत आहे. म्हणून ती दोनदा वाचावी, एकदा सलग आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

आधी प्रत नीट निवडा. कादंबरी १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर १८५६ या काळात ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकात सहा हप्त्यांत आली आणि संपादकांनी घाबरून तिला कात्री लावली. रूआं शहरातला बंद घोडागाडीचा प्रसंग तर अख्खाच उडवला. तरीही नीतिमत्तेला धक्का दिल्याचा खटला झालाच. २९ जानेवारी १८५७ ला सुनावणी झाली, ७ फेब्रुवारीला निर्दोष सुटका झाली आणि एप्रिलमध्ये मिशेल लेव्हीने पूर्ण पुस्तक दोन खंडांत काढलं. १८७३ च्या आवृत्तीत खटल्यातली भाषणं आणि निकालही जोडलेला आहे. असा जोड असलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. सरकारी वकील पिनार हा या पुस्तकाचा फार बारकाईने वाचणारा विरोधक होता. या पुस्तकात या बाईला दोषी ठरवू शकेल असं कोण आहे, असं त्याने विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं: कोणीही नाही. त्याचा निष्कर्ष पटला नाही तरी निरीक्षण अचूक आहे.

निवाडा करणारा आवाज का सापडत नाही, याचं उत्तर व्याकरणात आहे. पहिल्या भागातलं सातवं प्रकरण उघडा. हेच आपल्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस, असं एमाला कधीकधी वाटे, हे पहिलं वाक्य. इथवर ‘वाटे’ आहे, म्हणजे विचार तिचा हे स्पष्ट आहे. पुढच्याच वाक्यात ते ‘वाटे’ गळून पडतं: त्यांची गोडी चाखायला अर्थातच त्या भारदस्त नावांच्या देशांत जायला हवं होतं, आणि शेवटी उद्गारचिन्ह. हा ‘अर्थातच’ कोणाचा, लेखकाचा की तिचा? तिचाच, पण तसं कुठे लिहिलेलं नाही. पेन्सिलीने अशी वाक्यं अधोरेखित करत जा. उद्गारचिन्ह, ‘अर्थातच’, ‘बहुधा’ आणि उत्तर नसलेला प्रश्न या खुणा ओळखायच्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एमाच्या स्वप्नाळू वाक्याला फ्लोबेरचं मत समजणं. मराठीत आपल्याला ‘आपण’ची सोय आहे. ‘तिचे दिवस’ म्हटलं की निवेदक बाहेर उभा असतो, ‘आपले दिवस’ म्हटलं की तो तिच्या डोक्यात शिरलेला असतो. शंका आली की वाक्य मनात मराठीत करून ‘तिचे’ बसतं की ‘आपले’, हे तपासा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं.

काळाचंही तसंच. फ्रेंचमधला अपूर्ण भूतकाळ या कादंबरीचा श्वास आहे आणि इंग्रजी भाषांतरात तो बराच विरतो, कारण इंग्रजीत साधा भूतकाळ ‘बसली’ आणि ‘बसे’ या दोन्हींचं काम करतो. आपल्याकडे ‘बसली’, ‘बसे’ आणि ‘बसत होती’ हे तिन्ही वेगळे आहेत. पहिल्या भागाच्या नवव्या प्रकरणात जेवणाच्या वेळा तिला असह्य होतात: धुरणारी शेगडी, कुरकुरणारं दार, पाझरणाऱ्या भिंती, ओल्या फरश्या, आणि आयुष्याचा सगळा कडवटपणा जणू ताटात वाढलेला. हे एका दिवसाचं वर्णन नव्हे. हे रोजचं आहे, ‘बसे’ आणि ‘वाटे’चं. त्याच्याशी सातव्या प्रकरणाचा शेवट ताडून पाहा. सप्टेंबरच्या अखेरीस तिच्या आयुष्यात काहीतरी विलक्षण घडतं, वोब्येसारच्या वाड्यावरचं आमंत्रण येतं, आणि तिथे क्रियापद एकदम पूर्ण भूतकाळाचं होतं. सवयीच्या सपाट पृष्ठभागाला पडलेलं ते भोक आहे. पहिल्या भागात असे बदल समासात टिपले की एमा कशाची वाट पाहते आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कृषिमेळ्याच्या प्रकरणावर (भाग दुसरा, प्रकरण आठवं) घाई करू नका. १८५३ मध्ये फ्लोबेर त्यावर कित्येक महिने खपत होता. वर तिचा पहिला प्रियकर होणारा रोदोल्फ एमाला भुलवतो आहे, खाली चौकात बक्षिसं जाहीर होत आहेत. शंभरदा निघून जायचं ठरवलं पण तुमच्या मागे आलो, थांबलो, असं तो म्हणतो आणि लगेच खालून घोषणा येते: शेणखत! हे प्रकरण दोघांनी मोठ्याने वाचावं, एकाने रोदोल्फ व्हावं आणि दुसऱ्याने अधिकारी. फ्लोबेर स्वतः वाक्यं ओरडून तपासायचा. मग कातरीन लरू या म्हाताऱ्या मोलकरणीपाशी थांबा: एकाच शेतावर ५४ वर्षांची चाकरी, आणि इनाम २५ फ्रँकचं रुपेरी पदक.

आता पैसा. वहीत एक पान लरो या कापडव्यापाऱ्याला द्या आणि प्रत्येक आकडा उतरवा. दुसऱ्या भागाच्या चौदाव्या प्रकरणात शार्ल वर्षभरासाठी हजार फ्रँक मागतो, लरो १,०७० ची हुंडी (ठरल्या तारखेला पैसे देण्याचं लेखी वचन) लिहून घेतो, आधीचे १८० धरून १,२५० होतात. सहा टक्के व्याज, वर दलाली, मालावर किमान एक तृतीयांश नफा, म्हणजे बारा महिन्यांत १३० फ्रँक सुटतील, हा त्याचा हिशेब फ्लोबेर उघड मांडतो. तिसऱ्या भागात एमाच्या हाती मुखत्यारपत्र येतं आणि तिथून हुंडीवर हुंडी बदलली जाते. शेवटी आठ हजार फ्रँक चोवीस तासांत भरण्याचा हुकूम येतो. एमा प्रेमभंगाने मरते, असं परीक्षेच्या उत्तरात लिहिणाऱ्यांनी हे पान आधी भरावं. ती रोदोल्फच्या दारी शेवटचं जाते, तेही तीन हजार फ्रँक मागायला.

लेखकाकडे जायचं तर पत्रांतून जा. कादंबरी त्याने १९ सप्टेंबर १८५१ ला रूआंजवळच्या क्र्वासेत सुरू केली आणि त्याची प्रेयसी, कवयित्री लुईझ कोले हिला लिहिलेली पत्रं ही जवळजवळ कामाची रोजनिशी आहेत. पण १८५४ मध्ये ती थांबतात, म्हणून तिसऱ्या भागासाठी त्यांचा आधार नाही. तिथे रूआंच्या ग्रंथालयातले हजारो पानांचे कच्चे खर्डे कामी येतात, आणि ते इंटरनेटवर पाहता येतात. ‘मादाम बोव्हारी म्हणजे मीच’ हे वाक्य मात्र उत्तराची किल्ली म्हणून वापरू नका. त्याच्या स्वतःच्या लिखाणात ते कुठेही नाही.

शेवटचं पान वाचताना वही उघडीच ठेवा. शार्ल मेल्यावर सगळं विकून १२ फ्रँक ७५ सांतीम उरतात, ते त्यांच्या छोट्या मुलीला, बेर्तला, आजीकडे पोचवण्यात जातात. आणि इथे इतकी पानं भूतकाळात चाललेली कादंबरी वर्तमानकाळात येते: बेर्त सूतगिरणीत कामाला जाते, आणि औषधविक्या ऑमेला नुकताच सन्मानाचा क्रॉस मिळाला आहे.