फुटलेली नाही, घासलेली आहे

मंडईच्या जत्रेतल्या नाटकात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, एप्रिलमधल्या भीमगीतांच्या कार्यक्रमात, जिथे ही गिटार खांद्याला लावतो तिथे कोणीतरी विचारतंच. "भाऊ, एवढे पैसे टाकले अन् रंग उडालेली काहून घेतली?" आणि त्याला जोडूनच दुसरं येतं, "मंग उद्या खरंच फुटली तर समजन कसं?" पहिल्या प्रश्नाला मी आजवर "आवडली म्हणून" एवढंच म्हणत आलो. दुसरा प्रश्न मला एकदा फार महाग पडला आहे. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता, म्हणून दोन्हींचं उत्तर लिहून ठेवतो.

ही गिटार कारखान्यातून निघाली तेव्हाच अशी होती. फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपने 1995 मध्ये नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात अशा मुद्दाम जुन्या केलेल्या गिटारी मांडल्या आणि त्यांना 'रेलिक' नाव दिलं. विन्स कुनेटो नावाचा कारागीर सुरुवातीची बॉडी आणि नेक, म्हणजे गिटारचं धड आणि लांब दांडा, घासून द्यायचा. तेव्हा त्या फक्त पैसेवाल्यांच्या होत्या. 2009 मध्ये फेंडरनेच मेक्सिकोच्या कारखान्यातून 'रोड वॉर्न' मालिका काढली, किंमत खाली आली, आणि त्यातलीच एक, पुण्यातल्या एका नोकरदाराने वापरून विकायला काढलेली, माझ्याकडे आली. किती घासायची याचे 'लाईट', 'हेवी' असे प्रकार आता ठरलेले असतात. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीने तर टॉम मर्फी या कारागिराच्या नावाने एक वेगळा विभागच काढला आहे.

यात फसवणूक नाही, हे मला आधी सांगू द्या. फसवणूक तेव्हा होते जेव्हा कोणी अशी गिटार साठच्या दशकातली म्हणून विकतो.

पण तुमचा प्रश्न मी स्वतःही विचारायचो. गडचिरोलीकडच्या वडशाला नाटकांच्या हंगामात मी प्लायवुडची, स्पीकरला जोडायचा पिकअप बसवून घेतलेली गिटार वाजवायचो, तेव्हा फोनवर अशा गिटारी पाहून मला राग यायचा. आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलाघर याची 1961 ची स्ट्रॅटोकॅस्टर, फेंडरचीच गिटार, पाहा. तिचा बहुतेक रंग उडाला तो वर्षानुवर्षं रोज रात्री घामाने भिजून. ज्याने तो घाम गाळला नाही त्याने घामाचे डाग विकत का घ्यावेत? तेव्हाचा मी हे ठासून बोलायचो, आणि तो चुकत होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याला मी एवढंच सांगेन की मे महिन्यात, मंडपातल्या पत्र्याखाली, पारा पंचेचाळीसच्या वर असताना चकचकीत पॉलिशच्या नेकवर अंगठा चिकटतो. एका सुरावरून दुसऱ्यावर हात सरकत नाही, ओढावा लागतो. या गिटारच्या नेकची पाठ कारखान्यातच घासून उघडी केली आहे. नुसतं लाकूड. घाम आला तरी हात अडत नाही. पहिला तास वाजवल्यावरच माझा निर्णय झाला होता. बॉडीवरचा उडालेला रंग त्याच्यासोबत आला. तो मला आवडतोही, हे लपवत नाही.

आता बाबांचं. त्यांनी गिटार पाहिली आणि म्हणाले, "नवा गोऱ्हा घेऊन कोणी त्याच्या खांद्याले घट्टा पाडून घेते का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर सुचलं ते त्यांच्याच वागण्यातून. बैलबाजारात बाबा खांद्यावरचा घट्टा पाहून कधीच परत फिरले नाहीत. ते बैल चालवून पाहतात. पाय टाकताना अडखळला की सौदा संपला, मग कातडी कितीही तुकतुकीत असो. गिटारही अशीच पाहायची असते. मला हे त्या दिवशी सुचलं असतं तर पुढचं सगळं नागपूरच्या त्या ऑफिसात तरी नीट सांगता आलं असतं.

ती गिटार पुण्याहून ट्रान्सपोर्टने आली. कोणत्या, ते सोडा. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता, आत नुसती कापडी बॅग. घरी तारा सुरात लावल्या, आणि बारीक तार वाजवताना फ्रेटबोर्डाच्या, म्हणजे नेकवर बोटं दाबतो त्या पट्टीच्या, कडेवरून खाली घसरायला लागली. पुन्हा सूर लावला, पुन्हा तेच. नेक बॉडीत जिथे बसतो त्या खाचेच्या बारीक तारेकडच्या बाजूला एक रेघ होती. लॅकरमधल्या, म्हणजे वरच्या रंगाच्या थरातल्या, इतर रेघांसारखीच. खोका गिटारच्या डोक्याच्या बाजूवर पडला असेल तर नेकची पहार होते आणि तिथलं पातळ लाकूड चिरतं. तेच झालं होतं.

गिटार घेऊन नागपूरला गेलो. क्लेमच्या खिडकीवरच्या माणसाने ती टेबलावर आडवी ठेवली आणि हाताखालच्या मोठ्या उडालेल्या भागावर बोट ठेवलं. "हे पण आमच्याच गाडीत झालं काय?"

"नाही, ते कंपनीने केलं आहे."

"आणि हे?" पाठीवरचे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे.

"तेही कंपनीने."

मागच्या रांगेत हसू फुटलं. त्याने मग माझ्याच फोनमधला, पुण्याच्या माणसाने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. नेकच्या खाचेजवळ बोट ठेवलं. "ही रेघ तर पहिलेपासूनच आहे."

आणि ती होती. हे मला आजही सलतं. त्या फोटोत, त्याच जागी, लॅकरमध्ये एक बारीक रेघ होती. अशा गिटारींच्या खाचेजवळ ती बरेचदा असते आणि निरुपद्रवी असते. लाकूड चिरलं ते नेमकं तिच्याखाली.

मी तारा सैल केल्या. चार स्क्रू थोडे ढिले केले आणि नेक अंगठ्याने बाजूला दाबला. रेघ उघडली, नखाची कड जाईल एवढी. आत लाकूड पांढरंफटक, धारदार, कुसळ निघालेलं. दाब सोडला की मिटली. मी म्हटलं, आता त्या उडालेल्या भागाकडे पाहा, तिथलं लाकूड मळकट आहे, रंग दिला आहे त्याला, कडा गुळगुळीत आहेत, बोट फिरवा. त्याने फिरवलं. मग चिरेवर फिरवलं आणि हात मागे घेतला. त्याला कळलं होतं. मला तरी त्याबद्दल शंका नाही.

तो म्हणाला, "मी लाकडातला माणूस नाही, भाऊ. कागदावर काय लिहू?" आणि बिल्टी, मालाची ट्रान्सपोर्टची पावती, पुढे केली. बुकिंगच्या वेळी तिथे लिहिलं होतं : जुने वाद्य, वापरलेले. क्लेम तिथेच संपला.

गेलेल्या पैशांपेक्षा मला ते हसू लागलं. रांगेतल्यांना मी खोटा वाटलो. आणि खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी त्या रांगेत मी असतो तर मीही हसलो असतो. त्या कारकुनाला मी अन्यायी म्हणत आलो आहे. पण ज्या वस्तूवर मुद्दाम केलेल्या शंभर खुणा आहेत, तिच्यावरची एकशे एकावी खूण अपघाताची आहे हे त्याने कशावरून मानायचं? यावर मी कधी एका बाजूला असतो, कधी दुसऱ्या.

तरी ओळखता येतं, आणि तुम्ही विचारता ते हेच. जुन्या पद्धतीचा रंग नायट्रोसेल्युलोज लॅकरचा असतो, ज्याला आपल्याकडचे पेंटर ड्यूको म्हणतात. मूळ माल कापसाचा, त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया. हा थर पातळ असतो. गरम-थंड झालं की लाकूड आणि लॅकर सारखे आकसत नाहीत, आणि वर जाळीसारख्या रेघा पडतात, बहुतेक लाकडाच्या रेषांना आडव्या. कारखान्यात हे थंडावा देऊन किंवा पात्याने कापून करतात. माझ्या गिटारवर कारखान्याच्या रेघांत आता माझ्याही मिसळल्या आहेत, कारण डिसेंबरात नाटक रात्रभर चालतं, हॅलोजनखाली बॉडी तापते आणि अंक संपला की तीच गिटार उघड्यावर दवात येते. या रेघा रंगातल्या. त्यांची काळजी करू नका. लाकडातली चीर लाकडाच्या रेषेबरोबर धावते, एकटी असते, आणि ताण दिला की हलते. पॉलिस्टरचा जाड थर असला तर तो असा घासला जात नाही, कवचासारखा टवका उडतो. तिथे हळूहळू विरलेली कड दिसली तर ती कोणीतरी मशीनने आणलेली आहे.

जागाही पाहा. खरी झीज हात, पोट आणि बकल लागतं तिथेच होते. पिकगार्डच्या, म्हणजे तारांजवळच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, खाली ऊन पोचत नाही, म्हणून खऱ्या जुन्या गिटारचा तिथला रंग ताजा असतो. नोटा तपासायचा निळा दिवा दुकानदाराकडून मागून आणा, जुनं नायट्रो त्यात हिरवट उजळतं आणि नंतर मारलेला रंग गडद दिसतो. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, पाहा. कारखान्याने जुन्या केलेल्या गिटारचे फ्रेट पूर्ण उंचीचे असतात, खरोखर वाजलेल्या गिटारच्या पहिल्या काही फ्रेटवर तारांखाली खड्डे असतात. गंजाचं मात्र अवघड आहे. बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू आम्लाच्या वाफेने जुने करतात आणि पुढे आमच्या पावसाळ्यात तो मुद्दाम आणलेला गंज थांबतोच असं नाही. तार खालीवर करायचा छोटा स्क्रू फिरेनासा झाला की तो दोष आहे, सुरुवात कोणी का केली असेना.

चीर आमच्याच इकडच्या एका सुताराने जोडली. चीर उघडी धरून त्यात पातळ फेव्हिकॉल आतपर्यंत खेळवला, क्लॅम्प लावून ठेवला, नंतर नेक सरळ बसवला. बारीक तार आता जागेवर आहे. रेघ भरून पॉलिश करू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा त्या खिडकीवर पुन्हा जायची वेळ आली तर दाखवायला काही असावं म्हणून. लोक अजूनही हाताखालच्या उडालेल्या रंगावर बोट ठेवून हळहळतात. जिथे खरं फुटलं होतं तिकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

बाबांना मी बैलबाजाराचं उत्तर सांगून पाहिलं. ते म्हणाले, "घट्टा पाहून परत नाई फिरत, बराबर हाये. पण घट्ट्याचे पैसे बी नाई देत." यावर पुन्हा माझ्याकडे काही नाही.

तुमच्यापैकी कोणी अशी गिटार घ्यायच्या बेतात असेल तर पैसे पाठवायच्या आधी विकणाऱ्याला नेकच्या खाचेचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा, एक तारा सुरात असताना आणि एक सैल केल्यावर. सूर लावायच्या किल्ल्या बसवलेल्या डोक्याची पाठही तशीच, कारण गिब्सनच्या घाटाच्या गिटारी तिथेच मोडतात. आणि बिल्टीवर 'जुने वाद्य' लिहू देऊ नका. 'गिटार, चालू स्थितीत, कुठेही चीर नाही' असं लिहून घ्या, किंमत टाका, आणि त्या कागदासह गिटारचा फोटो काढा. कडक पेटी नसेल तर ट्रान्सपोर्टने मागवूच नका, स्वतः जाऊन आणा.