एक सर्जन, त्याचे पेशंट आणि रात्री जमणारी पोरं

एन्झो पिच्चिनिनी हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत असायचं कारण नाही. इटलीतला जनरल सर्जन, बोलोन्याच्या सांतोर्सोला हॉस्पिटलला कामाला, राहायला मोदेनाला, बायको आणि चार मुलं. कॅथलिक चर्चमध्ये त्याला संत घोषित करायची प्रक्रिया चालू आहे, सध्या 'देवाचा सेवक' म्हणतात, ती पहिली पायरी. आमच्या पॅरिशच्या (म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या) रिट्रीटला, प्रार्थना-चिंतनाच्या शिबिराला, फादरांनी त्याचा विषय काढला आणि मी ठाण्यात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स असल्यामुळे संतबिंत राहू दे, पेशंटला वेळ देणारा सर्जन म्हटल्यावरच माझे कान टवकारले.

जन्म ५ जून १९५१, रेज्जो एमिलियाजवळच्या स्कांदियानोचा. तो सगळा पट्टा म्हणजे तेव्हा कम्युनिस्टांचा बालेकिल्ला आणि हा पण तरुणपणी काही काळ एका जहाल डाव्या ग्रुपमध्ये वावरला, त्याच ग्रुपमधले काहीजण पुढे रेड ब्रिगेड्समध्ये गेले, म्हणजे सरळ बंदुका घेणारे. हा तिथून बाहेर पडला. नंतर फादर लुईजी जुस्सानींशी ओळख झाली. जुस्सानींनी १९५४ मध्ये मिलानच्या एका शाळेत धर्म शिकवता शिकवता पोरांना जमवायला सुरुवात केली होती, त्यातूनच पुढे कम्युनियन अँड लिबरेशन ही कॅथलिक चळवळ उभी राहिली. त्या चळवळीतल्या कॉलेजच्या पोरांकडे बघायचं काम पुढे एन्झोकडे आलं.

आता राऊंडचं सांगते, म्हणजे मला हा माणूस का आवडला ते कळेल. आमच्याकडे सकाळी सर येतात, मागे दोन रेसिडेंट, फाईल उघडतात, ड्रेनच्या नळीतून किती पाणी आलं, ताप आहे का, आज लिक्विड सुरू करा, झालं, पुढचा बेड. सर वाईट नसतात हो, खाली ओपीडी तुंबलेली असते आणि ओटीवरून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, दोनदा फोन येऊन गेलेला असतो. पण ते गेले की पेशंटची बायको हळूच माझ्याकडे येते, ओ सिस्टर, सर काय म्हणाले? ही पोटावरची पिशवी कायमची का? आणि यांना कळलंय का नक्की काय झालंय ते? हे शेवटचं विचारताना ती बेडकडे पाठ करते. याचं उत्तर मी द्यायचं नसतं, पण ते दुसरं कुणी देतही नसतं.

एन्झोचं म्हणणं होतं की हा प्रश्न सर्जनचाच आहे. ऑपरेशन चोख झालंच पाहिजे, त्यात माफी नाही, त्यासाठी तो परदेशात जाऊन शिकून आला. पण समोर पडलाय तो माणूस आहे, त्याचं दुखणं कमी करायचं आणि त्याला भीतीत एकटं टाकायचं नाही, हे पण कामातच धरायचं, कौन्सेलरकडे ढकलायचं नाही. आणि एकट्या सर्जनच्या हाताने काही होत नाही, नर्स, भूल देणारे डॉक्टर, सगळे मिळून काम करायचं. हे ऐकल्यावर मी आमच्या वॉर्डच्या ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सना, लगेच व्हॉट्सअॅप केला, खोटं कशाला बोलू.

पोरांच्या बाबतीत पण तेच, असं मला वाटतं. त्याने क्लास काढले नाहीत, करिअर गायडन्सची शिबिरं घेतली नाहीत. दिवसभर ऑपरेशनं करून रात्री गाडी काढायची, कुठल्यातरी दुसऱ्या शहरात कॉलेजची पोरं जमलेली असायची, त्यांच्यात जाऊन बसायचं, आणि त्यांचे प्रश्न अभ्यास, प्रेम, देव, नोकरी कशाचेही असोत, सल्ला देऊन मोकळं व्हायचं नाही, सोबत राहायचं. पेशंटसाठी एक एन्झो आणि पोरांसाठी दुसरा असं काही नव्हतंच. जे काय करशील ते जीव ओतून कर, हेच तो पोरांना सांगायचा.

पण त्या रात्रीच्या गाडीचा मला रागही येतो. २६ मे १९९९ ला मिलानहून घरी येताना हायवेवर फिदेंत्साजवळ अपघात झाला आणि तो गेला. अठ्ठेचाळीस पूर्ण व्हायला दहा दिवस कमी. मिलान ते मोदेना म्हणजे आपल्या ठाणे-पुण्याहून थोडं जास्तच. नाईट करून पहाटे घोडबंदरने स्कूटीवर घरी जाणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून कौतुक आधी सुचत नाही, अरे बाबा झोप की जरा, हे आधी सुचतं. बोलोन्याच्या सान पेत्रोनियोमध्ये अंत्यविधीला हजारो लोक आले, त्यात पेशंट होते, पोरंही होती.

रिट्रीटनंतर चहा घेताना कळव्याच्या एका मुलीने विचारलं, फादर, पण मग हा घरी कधी असायचा? सगळे हसले. फादर म्हणाले, त्यांचं घरच कायम पाहुण्यांनी भरलेलं असायचं, सगळं घरच या कामात होतं. असेलही. पण त्या घरात चार मुलांचं आणि आल्यागेल्याचं बघणारी ती बाई, तिच्या बाजूने हे सगळं कोणी लिहिलं असेल तर मला वाचायचंय, कोणाकडे असेल तर पाठवा.